शोक करू नये म्हणणाऱ्यांचा शोक

इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसला विष द्यायचा दिवस उजाडला. मित्रमंडळी पोचली तेव्हा त्याची बायको झांथिपी आधीच त्याच्या शेजारी बसलेली होती, धाकटं मूल कडेवर घेऊन. मित्रांना पाहताच तिला रडू फुटलं. सॉक्रेटिसने क्रायटोकडे पाहिलं आणि हिला कुणीतरी घरी पोचवा, म्हणून सांगितलं. तिला नेलं. मग दिवसभर आत्म्याच्या अमरत्वावर चर्चा झाली. संध्याकाळी पेला रिकामा झाला आणि दिवसभर माना डोलावणाऱ्यांचाच बांध फुटला. फीडोने वस्त्र तोंडावर ओढून घेतलं, क्रायटो उठून बाजूला गेला, अपोलोडोरस तर हंबरडा फोडून रडू लागला. सॉक्रेटिस वैतागला. हे होऊ नये म्हणूनच तर बायकांना घरी पाठवलं होतं, असं त्याने सुनावलं. ही सगळी हकीकत प्लेटोने लिहिलेली आहे, आणि प्लेटो स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता, आजारी असावा, असं त्याच संवादात कुणीतरी सहज बोलून जातं. त्या आजारपणावर विद्वानांनी बरेच तर्क केले आहेत. मला त्यात फारसं कोडं वाटत नाही.

ज्याच्यावर जीव लावायचा तो एक दिवस जाणार, हे पक्कं ठाऊक असताना जीव लावावा का? लावला तर किती? आणि तो गेल्यावर रडणं हा दुबळेपणा की माणसाला शोभणारी गोष्ट? प्रेम, मरण आणि सद्गुण यांचा एकत्र विचार करणाऱ्या बहुतेक परंपरांनी याचं उत्तर एकाच बाजूला झुकतं दिलं आहे: जाणता माणूस शोक करत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून रोमच्या स्टोइकांपर्यंत हेच. पण ही उत्तरं देणाऱ्यांची पत्रं, चरित्रं आणि आत्मनिवेदनं शेजारी ठेवून वाचली की वेगळंच काही दिसतं. शोकाच्या सर्वात खऱ्या, सर्वात बारीक नोंदी त्यांनीच करून ठेवल्या आहेत. रडणाऱ्याला त्यांनी दाराबाहेर काढलं खरं, पण तो बाहेर उभा राहून रडत होता हे लिहायला विसरले नाहीत. माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातला ऐवज तिथेच आहे.

बौद्ध ग्रंथांत किसा गोतमीची गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांना माहीत असते. मूठभर मोहरी, जिथे कुणी मेलं नाही अशा घरातली. तिच्यापेक्षा मला विशाखेचा प्रसंग जास्त बोचतो. विशाखा ही श्रावस्तीतली धनाढ्य उपासिका. तिची लाडकी नात वारली. भर दुपारी ती बुद्धाकडे आली ती ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी. बुद्धाने विचारलं, या नगरात जितकी माणसं तितकी मुलं-नातवंडं तुला असावीत असं वाटतं का? ती हो म्हणाली. मग श्रावस्तीत रोज किती माणसं मरतात? दहा, नऊ, निदान एक तरी. मग तुझे केस कधी वाळतील का, असा त्याचा पुढचा प्रश्न. युक्तिवाद बिनतोड आहे. जितकी प्रिय माणसं तितकी दुःखं, हा हिशेब खोडता येत नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनात राहतात ते ओले केसच, आणि नगरभर नातवंडं हवीत का या प्रश्नाला तिने क्षणाचाही विचार न करता दिलेला होकार.

याच परंपरेत आनंद आहे. कुसिनारेला बुद्धाचं शेवटचं आजारपण चालू असताना हा पंचवीस वर्षांचा सेवक आत जाऊन दाराच्या लाकडाला टेकून रडत उभा राहिला. मी अजून शिकतोच आहे आणि माझे गुरू चालले, असं म्हणत. बुद्धाने त्याला बोलावून घेतलं, सगळं अनित्य आहे हे पुन्हा सांगितलं, आणि मग भिक्षूंसमोर त्याच्या सेवेची तोंडभर स्तुती केली. इथे रडणाऱ्याला बाहेर पाठवलेलं नाही, उलट जवळ बोलावलं आहे. हा फरक लहान नाही. त्याआधी सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे पट्टशिष्य गेले तेव्हा समोरची परिषद रिकामी वाटते, असं बुद्ध म्हणाल्याचं एका सुत्तात आहे. तथागताला मात्र शोक नाही, असा खुलासा लगेच पुढे येतो. ग्रंथकर्त्यांना तो खुलासा करावासा वाटला, यावरून पहिलं वाक्य ऐकणाऱ्यांना कसं लागलं असेल याचा अंदाज येतो.

आणि व्यास? महाभारताचा कर्ता, ज्याच्या ग्रंथात धृतराष्ट्राला शोक आवरण्याचा उपदेश विदुरापासून संजयापर्यंत सगळे करतात. शांतिपर्वात त्याचा मुलगा शुक मुक्त होऊन निघून जातो. बापाला आनंद व्हायला हवा, कारण मुलगा तेच साधतो आहे जे बापाने आयुष्यभर शिकवलं. पण व्यास त्याच्या मागे हाका मारत धावतो. शुक सर्वांत मिसळून गेलेला, म्हणून उत्तर येतं ते चारी दिशांनी, डोंगरदऱ्यांतून. शेवटी महादेवाला येऊन त्याची समजूत घालावी लागते, आणि मुलाची छाया कायम तुझ्याजवळ राहील असा वरही द्यावा लागतो. वैराग्याच्या सर्वोच्च उदाहरणाला बापाच्या हाकांचा हा शेवट कुणी जोडला असेल ते असो, त्याला माणूस कळला होता.

रोमन लोकांकडे शोकाचं एक शास्त्रच होतं. घरात कुणी गेलं की सुशिक्षित मित्राने सांत्वनाचं पत्र लिहायचं. त्याचे मुद्दे ठरलेले: सगळेच मरतात, रडून कुणी परत येत नाही, काळ गेल्यावर शोक आपोआप ओसरतोच, तर शहाण्याने तो आधीच आवरावा. इसवी सनापूर्वी ४५ च्या फेब्रुवारीत सिसेरोची मुलगी तुलिया बाळंतपणानंतर वारली. सिसेरोने नुकतीच साठी ओलांडली होती. प्रजासत्ताक सीझरने गुंडाळलेलं, घटस्फोट झालेला, राजकारणातून बाहेर फेकलेला. तो मित्राच्या, अटिकसच्या, घरी जाऊन राहिला आणि त्याच्या ग्रंथसंग्रहात सांत्वनावर जे जे लिहिलेलं होतं ते सगळं वाचून काढलं. काही उपयोग झाला नाही. मग समुद्राकाठच्या अस्तुरा या गावी गेला. तिथून त्याने अटिकसला रोज लिहिलेली पत्रं आजही आहेत. सकाळी दाट रानात शिरतो तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही, असं त्यात आहे. स्वतःचं सांत्वन करायला त्याने स्वतःच एक ग्रंथ लिहिला, जो पुढे हरवला. आणि जोडीला एक वेडही घेतलं: तुलियाचं देऊळ बांधायचं. थडगं नको, देऊळ. त्यासाठी टायबर नदीपलीकडच्या कुठल्या बागा विकायला आहेत, मालक किती मागतील, कुणाकडून येणं आहे, यावर पत्रामागून पत्र. ते देऊळ कधी झालं नाही. पण आत्मा, देव आणि मरण यांवर लॅटिनमध्ये तत्त्वज्ञान उभं करणारा माणूस जमिनीच्या भावावर घासाघीस करतो आहे, हे वाचताना त्याच्या दुःखाचं माप जसं लागतं तसं त्याच्या पुढच्या कुठल्याही ग्रंथात लागत नाही.

त्याला आलेलं एक सांत्वनपत्रही प्रसिद्ध आहे. सुल्पिकियस नावाच्या कायदेपंडिताने लिहिलं की मी जहाजाने येत होतो, मागे एजिना, पुढे मेगारा, उजवीकडे पायरियस, डावीकडे कॉरिंथ, एके काळची नांदती शहरं, आज सगळी उद्ध्वस्त. तिथे एका बाईच्या जिवाचं एवढं काय? पत्र देखणं आहे. आजही अशी पत्रं लिहिली जातात, आता ती मोबाइलवर येतात आणि खाली कमळाचं चित्र असतं. सिसेरोचं उत्तर शांत आणि नेमकं होतं. पूर्वी ज्या मोठ्या लोकांनी मुलं गमावली त्यांना देशाचं काम उरलं होतं. माझं ते गेलेलंच आहे, आणि ते गेल्यावर ज्या घरात मी निवारा घेत होतो तिथे ती होती. शहरांच्या अवशेषांचा दाखला त्याने खोडून काढला नाही. त्याला तो लागूच होत नव्हता.

सेनेकाचं प्रकरण याहून गमतीचं. मुलगा गमावून तीन वर्षं झालेल्या मार्सियाला त्याने बऱ्यापैकी कडक शब्दांत शोक आवरायला सांगितलं. म्हातारपणी लुसिलियसला लिहितानाही तोच उपदेश: मित्र गेला तर दुसरा शोधावा. पण त्याच पत्रात तो कबूल करतो की माझा सेरेनस गेला तेव्हा मी इतका बेसुमार रडलो की शोकाने ज्यांचा पराभव केला त्यांच्या यादीत माझंही नाव घालावं लागेल. कारणही देतो. सेरेनस वयाने लहान होता, तो माझ्याआधी जाऊ शकेल हे मनातच आलं नव्हतं. मरणावर शेकडो पानं लिहिलेल्या माणसाच्या मनात ते आलं नव्हतं!

एपिक्टेटस या सर्वांत कठोर. मातीचं भांडं आवडत असेल तर हे फुटणारं आहे असं मनाशी म्हणा. मुलाचा मुका घेताना मर्त्य जिवाचा मुका घेतो आहोत असं म्हणा. हे वाचून अंगावर काटा येतो आणि बहुतेक वाचक पुस्तक मिटतात. त्यांनी मिटू नये असं माझं मत आहे. एक तर हा माणूस जन्माने गुलाम, पायाने अधू. गमावण्याबद्दल त्याला आपल्याकडून शिकायचं नव्हतं. दुसरं, त्याचं सांगणं मुका घेऊ नका असं नाही. हा दिवस शेवटचा असू शकतो हे जाणून घ्या, एवढंच. तसा घेतलेला मुका उरकून टाकलेला नसतो. आणि तिसरी गोष्ट त्याच्या भाष्यकाराने, सिम्प्लिकियसने, नोंदवली आहे. एकट्याने आयुष्य काढलेल्या या एपिक्टेटसने म्हातारपणी एका मित्राचं मूल घरी आणलं. गरिबीपायी ते टाकून दिलं जाणार होतं. ते वाढवायचं म्हणून त्याने एक बाईही घरात आणली. भांड्याचा दृष्टान्त देणाऱ्याने भांडं उचलून घरी नेलं.

प्लूटार्कने बायकोला लिहिलेलं पत्र या साऱ्यांत मला सर्वात जवळचं. प्रवासात असताना तनाग्रा या गावी त्याला कळलं की दोन वर्षांची मुलगी गेली. चार मुलांनंतर झालेली ही मुलगी, आईचंच नाव दिलेलं: टिमोक्सेना. पत्रात उपदेश आहेच. छाती बडवणाऱ्या बायका तू घरात येऊ दिल्या नाहीस हे बरं केलंस, वगैरे. पण मध्येच तो थांबतो आणि सांगतो की ही दाईला म्हणायची, त्या दुसऱ्या बाळालाही पाज, आणि माझ्या खेळण्यांनाही पाज. तिच्या जेवणात सगळ्यांना बोलवायची. मग तो म्हणतो की जिने इतकं सुख दिलं तिच्या आठवणीचं आपण दुःख का करावं. युक्तिवाद पटो न पटो, बाहुल्यांना दूध पाजायला सांगणारी ही पोर एकोणीस शतकं जिवंत राहिली ती शोक आवरा असं सांगणाऱ्या पत्रामुळेच.

ऑगस्टीनकडे आल्यावर प्रश्नाला धार येते, कारण आता त्यात पाप शिरतं. तरुणपणी त्याचा एक जिवलग मित्र तापाने गेला. पुढे ‘कन्फेशन्स’मध्ये त्या दुःखाचं निदान करताना त्याने लिहिलं की मरणाऱ्यावर न मरणाऱ्यासारखं प्रेम केलं, ही माझी चूक. प्रेम देवावर करावं आणि माणसांवर देवात. निदान झालं. मग ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात आई मोनिका वारली. तिने डोळे मिटले तेव्हा ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगा अदेओदातस मोठ्याने रडू लागला आणि सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. ऑगस्टीनने डोळे कोरडे ठेवले. लोकांशी बोलत राहिला. मन हलकं होईल म्हणून आंघोळ करून आला, नाही झालं. थोडा झोपला. जागा झाल्यावर एकटाच होता, आणि मग काय तो रडला, तासाचा काही भाग. आणि हे लिहून झाल्यावर वाचणाऱ्याला विनवतो की कुणाला यात पाप दिसलं तर दिसो, पण हसू नका. मरणाऱ्यावर कसं प्रेम करावं याचं त्याचं शास्त्र पुढे हजार वर्षं युरोपने घोकलं. घोकणाऱ्यांतल्या कितींना तो गप्प केलेला मुलगा आठवला असेल? तो मुलगाही दोनतीन वर्षांतच गेला.

आपल्याकडे भागवतात जडभरताची कथा आहे. राज्य सोडून वनात गेलेल्या भरत राजाने नदीत पडलेलं हरणाचं पाडस वाचवलं, वाढवलं, आणि मरताना त्याच्याच चिंतेत प्राण सोडले, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार ही कथा आसक्तीच्या धोक्याचा दाखला म्हणून लावतात. तिच्यासमोर सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचं आत्मनिवेदन ठेवून पाहावं. कोल्हापुरात असताना घरातलं एक वासरू त्यांच्या मागे मागे असायचं, कीर्तनालाही सोबत यायचं. त्यापायी नवऱ्याचा मारही त्यांनी खाल्ला. वासरू मेलं आणि बाईंची शुद्ध हरपली. त्या अवस्थेत त्यांना तुकोबांचं स्वप्नदर्शन झालं, गुरुकृपा झाली, पुढची सगळी कविता तिथून आली. राजा पाडसापायी मोक्षाला मुकला आणि बहिणाबाईंना वासरापायी वाट मिळाली. एकाच भक्तिपरंपरेत या दोन्ही कथा सुखाने नांदतात, आणि यातली दुसरी एका बाईने स्वतःबद्दल स्वतः सांगितलेली आहे.

शोक करण्याजोगं काही नाही हे कृष्णाचं बोलणं मराठीत ज्ञानदेवांनी १२९० मध्ये उलगडून सांगितलं. सहा वर्षांनी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत त्यांनी समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत तो दिवस जवळजवळ डोळ्यांसमोर घडतो. नामदेवांची मुलं जागा झाडून घेतात, निवृत्तिनाथ हाताला धरून ज्ञानदेवांना आत नेतात, शिळा लावतात. निवृत्तिनाथ थोरले भाऊ आणि गुरूही. ज्ञान त्यांच्याकडूनच आलेलं. आणि त्या अभंगांत सर्वात जास्त कोसळतात ते तेच: आईबापांनी टाकलं तेव्हाही असं झालं नव्हतं, या अर्थाचे त्यांचे उद्गार आहेत. सद्गुरू शोक करतो हे लिहिताना नामदेवांना त्यात काही कमीपणा वाटलेला दिसत नाही. आजही त्या तिथीला आळंदीत नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज समाधीच्या अभंगांवर कीर्तन करतात, दुपारी घंटा होते आणि मांडवभर माणसं रडतात. सातशेवर वर्षं झाली, तरी रडतात. शोक लवकर आटोपावा या मताच्या कुणी तिथे एकदा उभं राहून पाहावं.

तुकोबांचं वेगळं. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. पुढे त्यांनी या सगळ्याबद्दल देवाचे आभार मानले आहेत, बरं झालं या सुरात. ते वैराग्य आहे हे खरं. पण आभारांची यादी इतकी तपशीलवार असते का? काय काय गेलं ते एकेक मोजून सांगणारा माणूस विसरलेला नसतो.

गाडगेबाबांची कथा मात्र माझ्या म्हणण्याला सहज बसत नाही आणि म्हणूनच सांगायला हवी. मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची बातमी कीर्तन चालू असताना आली, बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. इथे न रडण्याला कोरडेपणा म्हणता येत नाही. ज्याने पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, गावोगाव झाडून काढलं, त्याचं प्रेम एका घरातून उठून इतकं पसरलं होतं की एका मुलासाठी ते थांबवणं त्याला अन्यायाचं वाटलं असावं. स्टोइकांना जे साधायचं होतं ते या अंगठाछाप माणसाला साधलेलं होतं. पण पुढे आणखी एक गोष्ट आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकर गेले. ती बातमी गाडगेबाबांना सोसवली नाही असं त्यांच्याविषयीच्या आठवणींत येतं. २० डिसेंबरला ते स्वतः गेले, चौदा दिवसांनी. म्हणजे त्यांनाही कुठेतरी एक दार होतंच.

ग्रंथ बाजूला ठेवले तर या प्रश्नाचं सर्वात रोकडं रूप दहाव्याच्या दिवशी घाटावर दिसतं. नाशिकचं रामकुंड घ्या, नाहीतर कुठल्याही गावची नदी. पिंड मांडलेला, त्याच्यावर जानवं नाहीतर फूल, शेजारी गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी, चहाचा कप, क्वचित तंबाखूची पुडी. माणसं दहा-पंधरा पावलं मागे सरून उभी. कावळे झाडावर आहेत, पण खाली येत नाहीत. पहिली पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग गुरुजी सुचवतात, काही इच्छा राहिली असेल तर बोला. धाकटा भाऊ पुढे होतो आणि मोठ्याने सांगतो, दादा, पोरीच्या लग्नाची काळजी करू नको, मी आहे. कावळा ढिम्म. कुणीतरी म्हणतं, आईला सांभाळू. जमिनीचं समजुतीने मिटवू. उसातलं कर्ज फेडू. ज्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं तेही हात जोडून पुटपुटतात. कधी एकदम कावळा उतरतो आणि सगळे सुटल्यासारखे हलतात. कधी उतरतच नाही आणि शेवटी दर्भाचा कावळा करून उरकतात. सुधारकांनी या प्रकाराची यथेच्छ टर उडवली आहे आणि तर्काने ते बरोबरच होते. मेलेल्याला इच्छा नसते, कावळ्याला भूक असते. तरीही चारचौघांत, मोठ्या आवाजात, जिवंत माणसांना एकमेकांसमोर शब्द द्यायला लावणारी याहून चांगली युक्ती मला कुठल्या नीतिशास्त्रात दिसलेली नाही. शोकाचं कर्तव्यात रूपांतर व्हावं असं सिसेरोला आलेलं पत्र सांगतं. घाटावर ते अर्ध्या तासात होतं. अर्थात दिलेले शब्द पाळले जातात की नाही हा भाग वेगळा. आणि तिथे बायका बहुतेक वेळा नसतात. त्या घरी असतात, झांथिपीसारख्या.

बायकांचा शोक मराठीत आला तो पुस्तकांतून. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये, न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, आपल्या आठवणी छापल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ रेव्हरंड टिळक गेल्यानंतर आली. पुरुषांनी सांत्वनाचे ग्रंथ लिहिले. या बायकांनी गेलेला माणूस कसा वागायचा, कशाने चिडायचा, काय खायचा ते लिहिलं. प्लूटार्कला मध्येच जे आठवलं ते या पुस्तकांत पानोपानी आहे.

युरोपात हा पेच सर्वात प्रामाणिकपणे मांडला तो मॉन्तेनने. त्याचा मित्र ला बोएसी १८ ऑगस्ट १५६३ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. सुरुवातीच्या निबंधांत मॉन्तेन मरणाची रोज तालीम करायला सांगतो. उतारवयात लिहिताना तोच म्हणतो की आमच्या भागात प्लेग आला तेव्हा अडाणी शेतकरी कुठलंही तत्त्वज्ञान न वाचता आमच्यापेक्षा नीट मेले. आणि मधल्या काळातली एक नोंद. १५८१ मध्ये इटलीत लुक्काजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर तो मूतखड्याच्या उपचाराला गेला होता. एक पत्र लिहिता लिहिता मित्राची आठवण आली आणि तीत इतका वेळ बुडून गेला की त्रास झाला, असं प्रवासाच्या रोजनिशीत आहे. अठरा वर्षांनंतर. ही रोजनिशी छापण्यासाठी नव्हती. ती पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी एका पेटीत सापडली.

फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकाला सिद्धान्तात बसवलं. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घ्यायचं आणि नव्या ठिकाणी लावायचं, हे काम पुरं झालं की शोक संपला. १९२० च्या जानेवारीत त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. तीन वर्षांनी तिचा चार वर्षांचा मुलगा. एप्रिल १९२९ मध्ये, सोफी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, मुलगा गमावलेल्या बिन्सवांगरला फ्रॉइडने लिहिलं की तीव्र शोक ओसरतो, पण रिकामी जागा भरत नाही, आणि भरली तरी ती वेगळीच काहीतरी असते. आणि हे असंच असायला हवं, कारण ज्या प्रेमाला सोडायचं नाही ते टिकवायचा हाच मार्ग. सिद्धान्त छापील राहिला, पत्र खासगी. मानसशास्त्र बरीच वर्षं छापलेल्यावर चाललं. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकाने गेलेल्यांशी नातं चालू राहणं हा आजार नव्हे हे मांडलं, तेव्हा कुठे गाडी पत्रापाशी आली. पितृपक्षात दरवर्षी पान वाढणाऱ्या समाजाला हे सांगायला पुस्तक लागलं नसतं.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉसच्या शोकाच्या पाच पायऱ्यांबद्दल एवढंच की १९६९ मध्ये त्या मरणाऱ्या रुग्णांसाठी मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या. २०२२ पासून अमेरिकी मनोविकारपुस्तिकेत लांबलेल्या शोकाचा विकार आला आहे, मोठ्यांसाठी बारा महिन्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती मुदत सहा महिन्यांची. आपलं वर्षश्राद्धही वर्षाचंच. फरक असा की वर्षश्राद्धानंतर माणसाला आजारी ठरवत नाहीत, फक्त लग्नकार्याला बोलवायला मोकळे होतात. ज्यांचं आयुष्य खरोखर थांबून गेलेलं असतं त्यांना उपचार मिळावा, हे पुस्तिकेच्या बाजूने म्हणायलाच हवं.

प्रेमाची बाजू घेताना त्याचा अंधारही पाहायला हवा. धृतराष्ट्राने मुलांवरच्या मायेपोटीच लोखंडी भीम छातीशी धरून चुरडला. आज तो धृतराष्ट्र अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला असतो. काहीही करा डॉक्टर, पण करा. आतल्या माणसाला काय हवं हे कुणी विचारलेलं नसतं, कारण तो ठणठणीत असताना हा विषय काढणं अभद्र. उलट टोकाला परळचं केईएम रुग्णालय आहे. तिथली परिचारिका अरुणा शानभाग नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सेवा चालू राहिली. तिच्या सुटकेसाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने मानलं, कारण रोज तिला भरवणारे, अंग पुसणारे तेच होते. त्याच निकालाने कृत्रिम आधार काढून घेण्याला मात्र अटी घालून वाट दिली. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली. विराणी आणि त्या परिचारिका, कुणाचं प्रेम खरं? मला दोन्ही खरी वाटतात, आणि म्हणूनच प्रेम हा निवाड्याचा आधार होऊ शकत नाही असंही वाटतं.

९ मार्च २०१८ च्या निकालाने आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आता न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलणार, त्यांची नावं त्यात लिहायची असतात. एकापेक्षा जास्त चालतात. नावं घालण्याआधी त्या माणसांना समोर बसवून सांगावं लागतं, आणि बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. मुलगी म्हणते, बाबा, आत्ता कशाला हे. मुलगा उठून आत जातो.